शब्दाच्या मधला श्वास

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं की त्या वर्षी शाळेचं सभागृह रंगवायला काढलं होतं आणि गाण्याच्या परीक्षा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत घ्याव्या लागल्या. तंबोरा हात धुवायच्या बेसिनला टेकवून ठेवलेला, तबलजी दोन गॅसच्या नळ्यांच्या मध्ये लांबट टेबलावर मांडी ठोकून बसलेला, आणि खोलीभर कसल्यातरी आम्लाचा, नाकाच्या शेंड्याला चावणारा वास. परीक्षक बाईंचं वय तेव्हा एक्कावन्न. सकाळपासून सतरा मुली ऐकून त्यांचा कान बधिर झाला होता. समोर काय चाललंय ते कळत होतं, पण आत काही पोचत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर दुसरे परीक्षक, कॉलेजातले प्राध्यापक, खोकल्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत होते. अठराव्या क्रमांकाची मुलगी आत आली. सतरा वर्षांची, काटकुळी, गणवेश खालची दुमड उसवून लांब केलेला आणि जुन्या दुमडीची फिकी रेघ पोटऱ्यांवरून आडवी गेलेली. नेमलेला राग तिनं बरा गायला. प्राध्यापकांनी कागद चाळला आणि म्हणाले, "या मुलीला पहिला वर्ग मिळाला तर संगीत महाविद्यालयात जागा आहे, वसतिगृहासकट. बरं का बाई, साठ गुण लागतात." मग मुलीला म्हणाले, "आता एखादं हलकंसं गा. घरी गातेस ते." मुलीनं डोळे मिटले आणि ओळ घेतली: दार लोटू नको अजून. शेवटच्या शब्दाशी आली, 'अ' म्हटला, थांबली, शब्द तसाच उघडा ठेवून श्वास घेतला, आणि मग अगदी सावकाश 'जून' खाली ठेवला. बाईंच्या स्वतःच्या छातीनं तिच्याबरोबर तोच श्वास घेतला. त्यांनी घेतला नाही, छातीनं घेतला. झोपेत कोणी नावानं हाक मारावी आणि आपण 'ओ' दिल्यावर जागं व्हावं, तसं झालं.

कारण त्या शब्दात तिथं श्वास घेणारी बाई जगात एकच होती, आणि तिला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. ती त्यांची आई. तिच्या घराला तीन खोल्या होत्या, दिव्यांच्या दुकानाच्या वर. रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत पांढरीशुभ्र बैठक, मधल्या खोलीत आरसे आणि कपड्यांच्या पेट्या, आणि मागच्या खोलीत शिवणयंत्र, ज्यावर शिवणवाली आणि तिची मुलगी घरातल्या बायकांचे कपडे शिवत. शिवणवालीच्या मुलीच्या ओठांत कायम एखादं बटण धरलेलं असे, म्हणून तिला सगळे बटणच म्हणत. परीक्षक बाईंना तेव्हा भिंगरी म्हणत, कारण त्या एका जागी बसत नसत. या नावानं त्यांना कोणी शेवटची हाक मारल्याला तीस वर्षं होत आली होती. आई उभी राहून नाचायची ते लवकरच थांबलं. ती बसून गायची आणि बसल्या बसल्या हातांनी अर्थ सांगायची. एक ओळ आणि अर्धा तास. दार लोटू नको अजून. कधी दार वाऱ्यानं लोटलेलं असे, कधी रुसलेल्या माणसानं, कधी दार लोटणारी ती स्वतःच असे आणि तळहातानं लोटता लोटता बोटांनी धरून ठेवत असे. सारंगी वाजवणारे मामा, म्हणजे नात्यानं कोणी नव्हेत पण मामाच, तिच्या बोटांकडे बघून गज ओढत. गळ्याकडे बघतच नसत. म्हणत, "गळा खोटं बोलेल, बोटं बोलायची नाहीत." ऐकायला येणाऱ्यांत न्यायाधीश होते, डॉक्टर होते, एक वर्तमानपत्राचे संपादक होते जे दुसऱ्या दिवशी आपल्या अग्रलेखात अशी घरं गावाबाहेर हलवा असं लिहीत आणि संध्याकाळी पहिल्या रांगेत येऊन बसत. आणि 'अजून' आलं की, 'अ' वर आई थांबली की, ही सगळी मोठी माणसं कंबरेतून पुढं झुकत. एक कापडवाले म्हणायचे, "बाई अर्ध्या शब्दावर सोडतात हो. माणूस उठणार कसा?" सगळे हसत. भिंगरी दाराच्या फटीतून बघायची आणि तिला वाटायचं, हे यासाठीच आहे. माणसं उठून जाऊ नयेत म्हणून. दुकानदार गिऱ्हाइकाला अडवतो ना, एक नवीन माल दाखवतो, बसा तरी, तसं. हे एकदा तिच्या डोक्यात बसलं ते बसलं. पुढं गाण्यात सुंदर काय आहे ते तिला कळलं, चांगलंच कळलं, पण तो श्वास आठवला की लाजेनं कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

प्रयोगशाळेत मुलगी दुसऱ्यांदा ओळ घेत होती आणि बाई हात मांडीखाली घालून बसल्या होत्या. ही सवय कधीची, ते त्यांना माहीत होतं. सात वर्षांची असताना आईनं भिंगरीला मोठ्या खोलीत पहिल्यांदा बसवलं, केस ताणून बांधले होते, नवा परकर टोचत होता, आणि तिनं हीच ओळ गायली. मधेच दम गेला. समोर पंधरावीस माणसं, सगळ्यांचे जोडे बाहेर ओळीनं लावलेले तिला दारातून दिसत होते, आणि ती तोंड उघडं ठेवून मासळीसारखी बघत राहिली. लोक हसले. वाईट नव्हते हसले, प्रेमानंच हसले असतील. पण आई पण हसली. आईचं हसणं तिला लागलं. ती उठून मागच्या खोलीत पळाली आणि शिवणयंत्राखाली जाऊन बसली, हात मांडीखाली घालून. बटण तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिनं ओठांतलं बटण काढलं आणि म्हणाली, "रडतेस काय? मला तर कोणी गायला पण सांगत नाही." ते खरंच होतं. बटण यंत्र चालवत भिंतीपलीकडचं सगळं ऐकायची आणि मिटल्या ओठांनी गुणगुणायची.

अकराव्या वर्षी आईनंच तिला शाळेच्या वसतिगृहात घातलं. तिथं एक छापील अर्ज होता, सरकारी इंग्रजी भाषेत. आईला कविता वाचता येत, तोंडपाठ तर शेकडो होत्या, पण ती भाषा येत नसे. भिंगरीला येत होती. आईचा व्यवसाय, असा रकाना होता. भिंगरीनं जीभ दातांत धरून, आपल्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं: शिवणकाम. आईनं वाकून विचारलं, "काय लिहिलंस गं?" ती म्हणाली, "गाणं." आईला एवढा आनंद झाला की तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं आणि शाई वाळली नव्हती म्हणून बोटाला डाग लागला. परत जाताना ती ते बोट बाजूला धरून चालत होती, साडीला लागू नये म्हणून. बाईंच्या मनात त्या बोटाची आठवण अशी वर यायची की समोर कोण बसलंय, काय चाललंय याचा पत्ता लागायचा नाही. नवऱ्याशी बोलताना यायची. मुलाच्या बारशाच्या याद्या करताना आली होती.

"वा," प्राध्यापक म्हणाले. गाणं संपलं होतं. त्यांनी गोळी चावून टाकली, जे ते एरवी करत नसत. "मुली, ही 'अजून'ची जागा कुठली गं? मी असं कुठं ऐकलं नाही. म्हणजे ऐकलंय, लहानपणी कोणी नक्कल करून दाखवत होतं. तुझ्या फॉर्मवर गुरूचं नाव रिकामं आहे."

"आजीनं शिकवलं," मुलगी म्हणाली.

"आजी गाते?"

"नाही हो सर, आजी कपडे शिवते. शिवता शिवता शिकवलं."

"आणि आजीला कोणी शिकवलं?"

मुलगी जराशी अडखळली. "ती ज्यांच्याकडे कामाला होती त्यांनी. ती बाहेर बसलीय. बोलावू? ती नीट सांगेल."

प्राध्यापकांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. त्यांना जुन्या गाणाऱ्या बायकांची माहिती जमवायचा नाद होता. वहीत नावं, घरं, कोण कोणाची मुलगी, कोणाची शिष्या असं सगळं लिहीत. त्यांच्या त्या वहीला बाई गेली सहा वर्षं घाबरून होत्या. वीस वर्षं त्यांनी शाळाशाळांतून गाणं शिकवलं होतं, धुऊन, इस्त्री करून; जिथं प्रियकर होता तिथं देव घातला, जिथं रात्र होती तिथं पहाट. लोक म्हणत, बाईंचं गाणं कसं सोज्वळ. नवऱ्याला त्यांनी सांगितलं होतं की आई शिवणकाम करून मला शिकवायची, आणि नवरा पाणीपुरवठ्याच्या खात्यातला सरळ माणूस, त्यानं एकदाही उलटून विचारलं नाही. आता दाराबाहेर बाकावर बटण बसली होती. ती आत येईल, प्राध्यापक वही उघडतील, आणि ती आईचं नाव घेईल, मग बाईंकडे बघेल.

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "अजून अकरा मुली आहेत, सर. मुली, तू जा." मुलगी नमस्कार करून गेली. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि अगदी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "शब्द मोडते. अर्थ लागत नाही. शब्दाच्या मध्ये श्वास घ्यायचा नसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मला वाटलं मुद्दाम घेतेय. मी पासष्ट म्हणणार होतो."

"पंचावन्न."

"बघा हं बाई. साठ नसतील तर हिचं महाविद्यालय गेलं."

"महाविद्यालयाची काळजी आपण का करायची? ही बाजारी लकब आहे, सर. तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला लगेच गोड वाटते."

प्राध्यापक कानापर्यंत लाल झाले. हे वाक्य कसं नेमकं लागेल ते बाईंना माहीत होतं. भल्या माणसाला कुठं टोचायचं, हे त्या तीन खोल्यांतच शिकल्या होत्या. "तुमचा कान माझ्यापेक्षा तयार आहे," असं म्हणून प्राध्यापकांनी पंचावन्न लिहिले.

उरलेल्या अकरा मुली बाईंनी ऐकल्या की नाही, कोण जाणे. त्या मनानं दिव्यांच्या दुकानाच्या वरच्या खोल्यांत होत्या, जिथं प्रत्येक सुट्टीत एकेक गोष्ट कमी झालेली दिसायची. एकदा बैठकीचं कापड पिवळं पडलेलं, पुढच्या वेळी बैठकच नाही, सतरंजी. न्यायाधीशांची मुलं सिनेमाला जाऊ लागली होती, संपादकांनी लिहून लिहून शेवटी नगरपालिकेची नोटीस आणवली होती, आणि रेडिओवाल्यांनी आईला कळवलं की गायिका विवाहित असल्याचा दाखला जोडावा. आई म्हणाली, "दाखला कशाचा, गळ्याचा की नवऱ्याचा?" आणि हसली, पण ती चिठ्ठी तिनं पेटीत घडी करून ठेवली. मामा सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. तिथं चाळीस वाद्यांत त्यांची सारंगी कोणाला ऐकू येत नव्हती, तरी रोज तार जुळवून बसायचे. मोठ्या खोलीत टंकलेखनाचा वर्ग आला. आई मागच्या खोलीत राहिली, मग ती खोली पण सुटली आणि आई बटणच्या घरी गेली, दोन खणांत. तिथं ती काजं करायची, गुंड्या लावायची. अर्जात लिहिलेलं असं खरं झालं. लग्नानंतर बाई तिला एकदाच भेटल्या, रस्त्याच्या पलीकडच्या औषधांच्या दुकानात, औषध घ्यायला आल्यासारख्या. आई म्हणाली, "बरी आहेस ना? मग झालं. आता जा, कोणी बघेल." आई गेल्याचं पोस्टकार्ड बटणनं पाठवलं, तेव्हा बाई सात महिन्यांच्या गरोदर होत्या. नवऱ्यानं विचारलं, "कोणाचं?" त्या म्हणाल्या, "पूर्वी आमच्या शेजारी एक शिवणवाली राहायची, तिचं." आणि पोळ्या लाटायला बसल्या. त्या दिवशी एकही पोळी वाकडी झाली नव्हती. हे त्यांना सगळ्यांत जास्त बोचायचं.

परीक्षा आटोपली. प्राध्यापक गुणांची पाकिटं बंद करायच्या तयारीला लागले आणि बाई पाय मोकळे करायला बाहेर आल्या. बाकावर बटण एकटी बसली होती. नात पाणी प्यायला गेली असावी. चष्म्याला दोरी, केस पांढरे, ओठ मात्र तसेच घट्ट मिटलेले, जणू अजून आत काही धरलंय. शिपाई जवळ उभा होता म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "बाई, किती वाजले हो?" शिपाई खुर्च्या उचलायला आत गेला तसा तिचा आवाज खाली आला.

"जाड झालीस, भिंगरे."

बाईंनी आधी मागं दाराकडे बघितलं, शिपाई येतोय का. "ओळखलंस कसं?"

"सकाळी आत गेलीस तेव्हाच, चालीवरून. अजून पाय आपटतेस. तुझ्या आईनं किती डोकं फोडलं त्या पायांपुढं."

"नातीला सांगितलंयस?"

"काय सांगू? परीक्षक माझ्या ओळखीची म्हणून? वशिला लावला म्हणतील. तिला म्हटलं, आपलं आपण गा." बटणनं दाराकडे मान केली. "कान लावून बसले होते, पण तुमचा शिपाई म्हणजे पहारेकरीच. कशी गायली?"

"चांगली."

"ती 'अजून'मधली जागा घेतली ना? घाबरून गिळली नाही?"

"घेतली."

बटण हसली. पुढचे दोन दात नव्हते. "मग झालं. दहादा घोकून घेतलंय तिच्याकडून. म्हटलं, बाकी चुकलीस तर चुक, ती जागा सोडायची नाही. तुझ्या आईनं मला ताकीदच दिली होती. म्हणायची, ती भिंगरीची आहे."

"माझी कशी?"

"असं काय करतेस. पहिल्यांदा बसवलं तुला, तिथं तुझा दम गेला. यंत्राखाली येऊन रडलीस नाही का? दुसऱ्या दिवसापासून ती तिथंच थांबायला लागली. मामा म्हणाले, बाई, हे काय मधेच? तर म्हणाली, पोरगी जिथं अडली तिथून मी एकटी पुढं कशी जाऊ, ती येऊ दे, मग जाऊ. आधी गंमत होती गं. तू शाळेत गेलीस तशी मग रोजच. लोक म्हणायचे, काय नखरा आहे. ती म्हणायची, असू दे नखरा. माझ्या घरी काजं करताना गुणगुणायची तरी तिथं थांबायची. सुई हातात तशीच. आणि दाराकडे बघायची."

नात येताना दिसली तशी बटण पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "बरं बाई, येते. पोरीवर लक्ष असू द्या." आणि उठताना बाईंच्या हाताला हात लावला, ओळख नसलेली म्हातारी आधार घेते तसा.

बाई आत आल्या. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा पेटवला होता आणि त्यावर लाख धरून पाकिटावर थेंब सोडत होते. तीन पाकिटं झाली होती, चौथं उघडं होतं. अठरावा क्रमांक त्यातच होता; वरच्या कागदावर पंचावन्न दिसत होते, आणि एका आकड्यावर एक रेघ मारून शेजारी दुसरा लिहून दोघांनी सही केली की झालं असतं. त्यात कारण लिहावं लागत नाही. प्राध्यापकांनी विचारलं, "काही राहिलं का, बाई?" त्यांच्या आवाजात आशा होती. बाईंनी तोंड उघडलं. कारण लिहावं लागत नाही, पण सांगावं लागलं असतं. आणि सांगायचं तर मासळीसारखं तोंड उघडून बसलेल्या त्या पोरीपासून सांगावं लागलं असतं, या गृहस्थांसमोर, त्यांच्या वहीत. लाखेचा थेंब लांबला, तुटला, कागदावर पडला. "नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही." प्राध्यापकांनी शिक्का दाबला.

पुढं प्राध्यापक परीक्षा मंडळाचे अध्यक्ष झाले. सरळ माणूस, त्या दिवशीची शिकवण त्यांनी मनापासून घेतली. परीक्षकांसाठी त्यांनी सूचनांचं पुस्तक छापलं, त्यातली चौदावी सूचना अशी आहे: शब्दाच्या मध्ये श्वास घेतल्यास पाच गुण कमी करावेत. ती अजूनही आहे, आणि गावोगावच्या शिक्षिका मुलींना पहिल्या वर्षालाच ती पाठ करून घेतात. वही त्यांनी अर्धी सोडली. म्हणायचे, माहिती देणारं कोणी पुढंच येत नाही. सारंगीचे मामा त्याआधीच वारले होते, त्यांची सारंगी कोणा हौशी माणसानं दिवाणखान्यात टांगायला नेली. बटण आणखी नऊ वर्षं जगली, शेवटपर्यंत यंत्र चालवलं, आणि नातीला परीक्षक बाईंबद्दल एक अक्षर बोलली नाही. बाईंनी त्या परीक्षेनंतर परीक्षक म्हणून जाणं सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. नवरा जायला टेकला तेव्हा त्याच्या उशाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं, पण तो तेव्हा शुद्धीवर नव्हता, आणि तो शुद्धीवर नाही हे त्यांना सांगताना माहीत होतं.

अठराव्या क्रमांकाची ती मुलगी टपाल कार्यालयात लागली. तिची खिडकी कोणती, हे बाईंना बरीच वर्षं ठाऊक होतं. सत्तरीच्या झाल्यावर एकदा त्या गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, सांगायचं ते चार वाक्यांत नीट बसवून, पाठ करून गेल्या होत्या. मुलगी आता चाळिशीकडे झुकलेली, काचेमागं, चष्म्यातून बघत म्हणाली, "बोला आजी." मग थांबली. "अय्या, तुम्ही गाण्याच्या परीक्षेला होतात ना? प्रयोगशाळेत?" बाईंनी मान हलवली. "मी तेव्हा फार रडले होते बरं का, तुमच्यावर चिडले पण होते. पण नंतर कळलं, तुमचं बरोबर होतं. शब्द मधे तोडायची घाण सवय होती मला, आजीमुळं लागलेली. मोडली मी ती. आता माझ्या मुलीला शिकवते ना, तिला मुळीच लागू दिली नाही." मागचा माणूस खाकरला. मुलीनं विचारलं, "काय देऊ तुम्हाला?"

बाईंनी दोन पाकिटं मागितली.